लहरींचे मोल आणि लिलावाचा हातोडा

आकाशवाणीच्या निवेदकाने केंद्राचे नाव सांगताना आधी मीटर आणि मग किलोहर्ट्झ सांगावेत, हा ज्यांच्या लहानपणीच्या सकाळचा परिपाठ होता, त्यांना विद्युतचुंबकीय लहरींचे मूलतत्त्व नकळत ठाऊक झालेले होते. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. लहरींचा वेग ठरलेला, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. म्हणून कंपनसंख्या वाढली की लांबी घटते. हे गणित शालेय पुस्तकातले खरे. परंतु त्याचा विसर पडल्याने आपल्या दूरसंचार धोरणात एक महागडी चूक घडली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लांब लहर टेकडीला वळसा घालून जाते, भिंतीतून आत शिरते आणि दूरवर पोचते. आखूड लहर अडथळ्यापाशी अडते. मात्र तेथे कंपनसंख्यांचे रुंद पट्टे उपलब्ध असल्याने ती अधिक माहिती वाहून नेऊ शकते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटरची, तर २६ गिगाहर्ट्झची जेमतेम सव्वा सेंटिमीटरही नाही. दाट वस्तीच्या महानगराला आखूड लहरी उपयोगी पडतात. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांना मात्र लांब लहरी हव्यात, कारण एकाच मनोऱ्याच्या टप्प्यात अधिक मुलूख येतो आणि खर्च वाचतो.

या लहरींचा मालक कोण? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध उत्तर दिले : लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा विनियोग लोकहितार्थच झाला पाहिजे. तरीही २००८ साली २००१ च्या दराने परवाने वाटले गेले. २०१२ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने असे १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. परंतु वाटपाची पद्धत सदोष होती, हा निष्कर्ष त्यामुळे पुसला जात नाही.

मात्र लंबक एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेला. स्वस्त दिल्याचा ठपका नको, म्हणून सरकारने बोलीची किमान किंमतच आकाशाला भिडवली. २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी देशभराच्या एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये मागण्यात आले. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ही किंमत ६,५६८ कोटींवर आणली. तरीही कोणी पुढे झाले नाही. अखेर २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर उतरली, तेव्हा कोठे ग्राहक मिळाला, तोही एकच. म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास एक-तृतीयांशात माल गेला आणि मध्यंतरीची सहा वर्षे वाया गेली ती निराळीच.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा भेद ध्यानात घेतला पाहिजे. कोळसा आज काढला नाही, तर तो खाणीत उद्यासाठी राहतो. लहरींचे तसे नाही. त्या वापरल्याने झिजत नाहीत आणि न वापरल्याने साठतही नाहीत. सुटलेल्या एस.टी.तील रिकामे आसन पुढच्या फेरीला विकता येत नाही, तद्वतच पडून राहिलेला लहरींचा दिवस कायमचा बुडतो. सरकारी हिशेबात ही हानी कोठेही दिसत नाही; कारण जे घडलेच नाही, त्याची नोंद कोण करणार?

ती नोंद अन्यत्र झाली. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्रीच्या कुशीतील विद्यार्थी भ्रमणध्वनी हाती घेऊन टेकडीवर चढत आणि पावसात छत्रीखाली बसून तासाला हजर राहत. आमच्या वर्गातील काहींचे नाव हजेरीपटावर होते, आवाज मात्र कधी आला नाही. मनोरे, वीज, तारा यांचा अभाव हीही त्याची कारणे होत. केवळ लहरी स्वस्त झाल्याने सारे सुरळीत झाले असते, असा दावा कोणी करू नये. परंतु डोंगराळ मुलखाला सर्वाधिक उपयुक्त असा पट्टा त्याच वर्षी कुलपात होता, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही.

किंमत उतरवली तर मूठभर कंपन्यांचे फावेल, हा आक्षेप रास्त आहे. बोली लावणारे तीन-चारच असतील, तर किमान किंमत अजिबात नसणेही धोक्याचे. यावर उपाय लिलाव सोडण्याचा नव्हे, तर त्याच्या अटी बदलण्याचा आहे. किमान किंमत माफक असावी. त्याबदल्यात दुर्गम गावांपर्यंत ठरावीक मुदतीत सेवा पोचवण्याचे बंधन असावे. आणि वापराविना पडलेला पट्टा परत घेण्याचा अधिकार शासनाने प्रत्यक्ष बजावावा.

सार्वजनिक मालमत्तेचे मोल केवळ तिजोरीत पडणाऱ्या रकमेने ठरत नाही, याचे दाखले आपल्या अवतीभवतीच आहेत. घरोघरचे वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तो विनापरवाना खुला आहे. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात अन्न तापवते. तेथे लिलाव नाही, पण लाभ सर्वांना आहे. नारायणगावजवळ खोडद येथील दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाशातील क्षीण रेडिओ लहरी टिपतात. त्यांच्यासाठी परिसरातील लहरींची शांतता हेच धन होय.

शेतसारा वाढवून जमीन पडीक पाडणाऱ्या राजाला आपल्याकडे कोणी शहाणा म्हटलेले नाही. लहरींच्या राज्यालाही तोच न्याय लागू पडतो. पुढच्या लिलावानंतर किती कोटी मिळाले, हे तर विचारावेच. परंतु किती वाड्यांपर्यंत आवाज पोचला, हा प्रश्न नागरिकांनी त्याआधी विचारला पाहिजे.