मुलाची वाट बदलली म्हणजे पैसा बुडाला काय?

मुलगा बारावी उत्तीर्ण झाला म्हणजे त्यास कोणत्या शाखेंत घालावयाचें याचा खल प्रत्येक शेतकरी कुटुंबांत होतो, आणि तो होणें योग्यच आहे. परंतु एकदां शाखा ठरली कीं पुढें चार-पांच वर्षें तींत तिळमात्र बदल होतां कामा नये, अशी जी आपली समजूत असते, ती तपासून पाहण्याजोगी आहे. शेतांत काय पेरावयाचें हें आपण मृगाचा पाऊस पाहून ठरवितों. पाऊस लांबला तर मूग-उडदाचा बेत सोडून तूर किंवा बाजरी धरितों, आणि यांत कमीपणा मानीत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र पेरलें तें पेरलें, असा आपला हट्ट असतो. कॉलेजांत गेलेल्या मुलानें दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं घरीं येऊन, माझें मन दुसऱ्याच विषयाकडे लागलें आहे, असें सांगितलें कीं घरांत सुतक पडल्यासारखें होतें. अशा प्रसंगीं पित्यानें काय करावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढविण्याचे फेरफार आमच्या हाताखालून किती गेले याची गणती नाहीं. त्या एका ओळीमागें काय असतें हें उतारा सांगत नाहीं. पण समोर उभा असलेला खातेदार सांगतो. पूर्वीं तो विहीर सांगे, मुलीचें लग्न सांगे. अलीकडे मुलाचें शिक्षण सांगूं लागला आहे. म्हणून, मुलास हवें तें करूं द्या, असा फुकटचा उपदेश आम्ही करणार नाहीं. ज्याच्या जमिनीवर बोजा आहे त्याची धास्ती खोटी नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, धास्तीनें केलेला हिशेब पुष्कळदां चुकीचा असतो. तो कसा, हें एका शेतकऱ्याच्या मुलाच्या हकीकतीवरून दिसून येईल.

नॉर्मन बोरलॉग यांचा जन्म १९१४ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत क्रेस्को गांवाजवळ झाला. घर शेतकऱ्याचें, मका, ओट, गुरें आणि कोंबड्या यांवर प्रपंच चालणारें. नातवानें शिकावें असा आजोबांचा आग्रह. १९३३ सालीं ते मिनेसोटा विद्यापीठांत दाखल होण्यास गेले, तों प्रवेशपरीक्षेंतच अनुत्तीर्ण झाले. तेथें नुकत्याच निघालेल्या एका दुय्यम महाविद्यालयांत त्यांस घेण्यांत आलें, आणि तेथून पुढें त्यांनीं वनशास्त्राची शाखा धरिली. खानावळींत वाढप्याचें काम करून ते आपलें पोट भरीत. पैसा संपला कीं शिक्षण थांबवून मजुरीस लागत, व पुन्हां येऊन वर्गांत बसत. कुस्तीचा नाद होता, तो विद्यापीठाच्या आखाड्यांत पुरा केला. जंगलखात्यांत नोकरी करावी व रानांत रहावें, एवढीच त्यांची आकांक्षा होती. १९३७ सालीं पदवी मिळाली, खात्यांत जागाही ठरली. पण खात्यास पैशाची टंचाई पडून ती जागा लांबणीवर गेली.

याच सुमारास त्यांनीं एल्विन स्टॅकमन या प्राध्यापकांचें एक व्याख्यान ऐकलें. विषय त्यांच्या अभ्यासक्रमांतला नव्हता. पण आपल्या वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो विषय म्हणजे गव्हावरील तांबेरा. तांबेरा हा एकच शत्रु नसून त्याचे अनेक प्रकार आहेत, ते वाऱ्यावरून शेंकडों मैल पसरतात, आणि जी जात आज त्यांस दाद देत नाहीं तीच उद्यां एखाद्या नव्या प्रकारापुढें नांगी टाकते, हें स्टॅकमन यांच्या संशोधनाचें सार होतें. बोरलॉग यांच्या मनानें तो विषय घेतला. ते प्राध्यापकांकडे गेले व जंगलांतील झाडांच्या रोगांचा अभ्यास करण्याचा मनोदय त्यांनीं बोलून दाखविला. स्टॅकमन यांनीं त्यांस झाडांपुरतें न थांबतां पिकांच्या रोगांचा विस्तृत अभ्यास करण्याचा सल्ला दिला. तो त्यांनीं मानिला, आणि १९४२ सालीं त्याच विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली.

पुढील कथा प्रसिद्धच आहे. १९४४ सालीं ते मेक्सिको देशांत गेले. तेथें तांबेऱ्यानें गव्हाची दाणादाण उडविली होती. एका वर्षांत एकच पिढी वाढवून काम होणार नाहीं, हें ओळखून त्यांनीं उन्हाळ्यांत मध्यभागच्या उंच पठारावर आणि हिवाळ्यांत सोनोरा प्रांतांतील याकी खोऱ्यांत, अशी वर्षांतून दोनदां पेरणी सुरू केली. कापणीनंतर बियाण्यास विश्रांति दिलीच पाहिजे, अशी त्या काळची समजूत असल्यानें वरिष्ठांचा त्यांस विरोध झाला. तरी त्यांनीं तें काम सोडलें नाहीं. त्यांतून तांबेऱ्यास टिकणाऱ्या, आणि पुढें जपानी वाणाच्या संकरानें बुटक्या व खतास न लोळणाऱ्या गव्हाच्या जाती निघाल्या. १९६३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. १९६६ सालीं आपल्या सरकारनें मेक्सिकोहून १८,००० टन बियाणें आणविलें. १९६५ सालीं देशांत १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता, तो १९७० सालीं २ कोटी १ लाख टन पिकला. त्याच वर्षीं बोरलॉग यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपल्या रीतीनें हिशेब मांडला तर वनशास्त्राचीं वर्षें बुडीत खातींच लिहावीं लागतील. पण तीं बुडालीं काय? उन्हातान्हांत राबण्याची संवय, शिस्तीनें निरीक्षण करण्याचें वळण, आणि विद्वानाकडे जाऊन प्रश्न विचारण्याचें धैर्य हीं त्या वर्षांचींच कमाई होती. तीच पुढें याकी खोऱ्यांत उपयोगीं पडली. दुबार पेरणी करणारा शेतकरी पहिलें बियाणें गेलें म्हणून हळहळतो. पण नांगरट वायां गेली असें तो म्हणत नाहीं, कारण दुसरी पेरणी त्याच नांगरटीवर होते.

हा प्रकार परदेशांतच घडतो असें नव्हे. डॉ. स्वामिनाथन यांचे वडील शस्त्रवैद्य होते व मुलानेंही वैद्यकीकडे जावें अशी घरच्यांची अपेक्षा होती. १९४३ सालच्या बंगालमधील दुष्काळानें त्यांचें मन शेतीकडे वळलें, आणि ते कोइमतूरच्या कृषि महाविद्यालयांत गेले. १९४८ सालीं पोलीस सेवेसाठींही त्यांची निवड झाली होती. तें पद सोडून १९४९ सालीं ते वनस्पतींच्या अनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं हॉलंडला गेले. बोरलॉग यांस हिंदुस्थानांत बोलाविण्यांत ज्यांचा पुढाकार होता, ते हेच गृहस्थ. डॉ. कुरियन यांचा प्रकार तर उलटाच. ते यंत्रशास्त्राचे पदवीधर. सरकारी शिष्यवृत्ति मिळाली ती दुग्धव्यवसायासाठीं, आणि त्या विषयाची त्यांस गोडी नव्हती. शिष्यवृत्तीच्या अटीमुळें १९४९ सालीं आणंद येथें यावें लागलें. तेथून निघून जाण्याच्या बेतांत असतां त्रिभुवनदास पटेल यांनीं त्यांस शेतकऱ्यांच्या दूधसंघासाठीं ठेवून घेतलें. पुढें काय झालें हें ज्याच्या दारांत म्हैस आहे त्यास सांगणें नको.

यावर कोणी म्हणेल कीं, हीं थोरांचीं उदाहरणें झालीं. आमच्या बंड्यास हीं कशीं लागू पडणार? आक्षेप रास्त आहे. बदललेली प्रत्येक वाट मुक्कामास पोंचते असें नाहीं. गणिताच्या भीतीनें, मित्रांच्या संगतीनें, किंवा नुसत्या कंटाळ्यानें शाखा बदलणारीं मुलें आम्हांसही ठाऊक आहेत. म्हणूनच होय किंवा नाहीं म्हणण्यापूर्वीं पित्यानें तीन प्रश्न विचारावे. पहिला : ज्या कामाकडे तुझें मन गेलें तें तूं थोडें तरी स्वतःच्या हातानें करून पाहिलें आहेस काय? दुसरा : त्या विषयांतील जाणत्या माणसास भेटून त्याचा सल्ला घेतलास काय? तिसरा : या बदलानें जो जादा खर्च होईल त्यांतला कांहीं भार तूं स्वतः उचलशील काय? तिन्ही प्रश्नांस मुलानें सरळ उत्तर दिलें, तर तो छंद नव्हे, ओढ आहे असें समजावें. उत्तरें डळमळीत आलीं, तर रागें न भरतां, सुटींत तें काम करून ये व मग बोलूं, असें सांगावें. यांत कोणाचें नुकसान नाहीं.

हें लिहिण्याचें कारण आजची स्थिति होय. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें आपलीं चार कृषि विद्यापीठें आहेत. तेथून पदवी घेऊन कित्येक मुलें शहरांत खोली करून स्पर्धापरीक्षांच्या मागें वर्षांमागून वर्षें घालवितात. सरकारी नोकरीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमचें पेन्शन त्याच खात्याचें आहे. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, हें सर्वांस दिसत असतां मुलगा त्या रांगेंतून बाजूस होऊन रोपवाटिका, माती-परीक्षण, बियाण्यांची पैदास किंवा यंत्रदुरुस्ती असें कांहीं पत्करूं म्हणतो, तेव्हां त्याची वाट आपणच अडवितों. कारण, लोक काय म्हणतील!

लोकांच्या म्हणण्याची नोंद सातबारावर होत नाहीं. तेथें बोजाची नोंद होते, आणि बोजा फेडला म्हणजे तो कमी केल्याचीही होते. तो ज्या मिळकतीनें फिटेल ती मुलाच्या मनाजोग्या कामांतून येण्याचा संभव अधिक आहे, हें पुढच्या खेपेस मुलगा घरीं येऊन कांहीं सांगूं लागेल तेव्हां वाचक बंधूंनीं ध्यानांत ठेवावें, एवढीच विनंति.