तक्रारीचे बोलणे आधी वहीत, मग तोंडात

कापडाच्या धंद्यात माल विकणे एकवेळ सोपे; समोरासमोर बसून तक्रारीचे बोलणे करणे कठीण. मालेगाव घ्या की भिवंडी, व्यापारी सूत देतो, यंत्रमागवाला मजुरीवर कापड विणून देतो. ताका उघडला की कुठे पिक कमी भरते, कुठे तेलाचा डाग निघतो. मग मजुरीतून किती कापायचे यावरून वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात.

ही चूक आम्हीही केली आहे. एका कारखानदाराच्या मालात दोष निघाला. त्याला कारागिरांचा आठवड्याचा पगार करायचा होता, म्हणून तो पैशासाठी आला. गद्दीवर चार गिऱ्हाइके बसलेली. आम्ही त्यांच्यादेखत आवाज चढवला आणि रक्कम कापली. तो सलाम करून उठला, आणि पुन्हा आमचे सूत त्याने मागावर चढवले नाही. नंतर ताके नीट पाहिले, तर निम्मा दोष आम्हीच दिलेल्या सुतातल्या गाठींचा होता!

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. बोलण्याआधी ताका स्वतः उजेडात पाहावा. दोष विणकरीचा की सुताचा, हे ठरवावे. तारीख, ताके, मीटर व रक्कम कागदावर मांडावी. आपण कोठवर सोडू शकतो, हे मनाशी पक्के करावे. पगाराच्या दिवशी आणि चारचौघांत हा विषय काढू नये. आणि आधी समोरच्याचे ऐकावे. कारखानदार भाईंनीही रिकाम्या हाताने येऊ नये. आपली वही बरोबर आणावी.

हे काही नवे नाही. कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयीच आहे. त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत तंगीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवलत देण्याची शिकवण आहे. हिशेब चोख आणि दिल नरम, दोन्ही एकत्र हवेत.

सरकारी कायदाही आता हेच मागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे मालाविषयीची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. नाही कळवली तर माल मान्य केला असे धरले जाते. नोंदणी केलेल्या लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून तर पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. म्हणजे महिनोन्महिने गप्प राहून शेवटी कापाकापी करण्याची आपली जुनी सवय आता खिशालाही परवडणारी नाही.

व्यापारी बंधूंनो, कापलेले चार पैसे पुढच्या मालात भरून निघतात. चारचौघांत घालवलेली एखाद्याची इज्जत मात्र कोणत्याही मालात भरून निघत नाही.