साधं पेडल घ्या, बूट चांगले घ्या

माउंटन बाइकला क्लिपलेस, म्हणजे बूट ज्यात अडकतो असं पेडल लावायचं ठरलं की दुकानदार पहिल्यांदा वजनं सांगतो. शिमानोच्या एम-५२० ची जोडी ३८० ग्रॅमची, एक्सटीची ३४२ ची, सगळ्यात वरच्या एक्सटीआरची ३१०. वजन उतरतं तशी किंमत चढते, आणि फार वेगाने चढते. पण पहिल्या आणि शेवटच्या जोडीत फरक आहे तो ७० ग्रॅमचा. चढ सुरू करण्याआधी बाटलीतलं दोन-तीन घोट पाणी प्यायलात तर सायकल तेवढी हलकी होते. शर्यतीत सेकंद मोजणाऱ्याला हे ग्रॅम विकत घ्यावेसे वाटतील. रविवारी सकाळी टेकडीवर किंवा घाटातल्या कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्यांची गरज नाही. एम-५२० घ्या आणि वाचलेले पैसे बुटांकडे वळवा.

पण त्याआधी स्वतःला विचारा, तुम्हाला पाय पेडलला अडकवायचा आहे का? ‘पाय बांधला की वर ओढतानाही जोर लागतो, म्हणून वेग वाढतो’ असं ग्रुपमधलं कुणी ना कुणी सांगतंच. त्यावर विसंबून खर्च करू नका. थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पेडल वर ओढायला लावलं, तेव्हा तेवढ्याच कामासाठी त्यांच्या शरीराची ऊर्जा जास्त खर्च झाली. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल तर २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइक शर्यतींच्या मालिकेचा विजेता ठरला, तोही साध्या सपाट पेडलवर. सायकल मुख्यतः शहरात चालवत असाल, दर दोन मिनिटांनी सिग्नलला पाय टेकवावा लागत असेल, तर पिना असलेलं चांगलं सपाट पेडल घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

क्लिपलेसचा खरा फायदा वेगळा आहे. दगडगोट्यांच्या उतारावर सायकल आपटते, उडते, तेव्हा पाय पेडलवरून निसटत नाही. लांबच्या पल्ल्यात पाऊल दर वेळी त्याच जागी बसतं. पाय भरभर फिरवताना पाऊल सरकेल ही धास्ती राहत नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करणारे अनेक जण रोड बाइकलाही माउंटन बाइकचीच पेडलं लावतात, कारण त्यांच्या बुटांचं क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) तळव्याच्या खाचेत असतं. २०० किलोमीटरच्या वाटेवर चहाच्या टपरीवर उतरलं की नीट चालता येतं. रोडच्या तीन बोल्टांच्या मोठ्या क्लीटवर ते जमत नाही.

आता एम-५२० च का? शिमानोने १९९० साली एसपीडी पद्धत आणली. दोन बोल्टांनी तळव्याला बसणारं ते छोटं पोलादी क्लीट आजही जवळपास प्रत्येक माउंटन बाइक बुटाला बसतं. एम-५२० दोन्ही बाजूंनी लागतं, त्यामुळे खडकाळ चढावर थांबून पुन्हा निघताना पेडलची बाजू शोधत बसावं लागत नाही. स्प्रिंग किती घट्ट हवी ते ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने ठरवता येतं. आत साधी कप-कोनची रचना आणि छर्रे असतात. ती उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून पुन्हा बसवता येते. एक्सटीचं काम जास्त सफाईदार आहे हे मान्य, पण पाय ज्यात अडकतो ते क्लीट दोन्हींत तेच आहे.

एक उणीव मात्र सांगायला हवी. चिकट मातीत एम-५२० ची खाच भरते. कोकणातल्या पावसाळ्यात तांबड्या मातीतून सायकल ढकलत आणलीत की बुटाच्या तळव्यात आणि पेडलमध्ये चिखल घट्ट बसतो, आणि दोन-तीनदा पाय आपटल्याशिवाय क्लीट लागत नाही. चार महिने चिखलातच चालवणार असाल तर क्रँक ब्रदर्सचं एगबीटर बघा. त्याला चारही बाजूंनी क्लीट लागतं आणि बाकीचं अंग जवळपास मोकळंच असल्यामुळे चिखल साचायला जागा नाही. पण त्याची क्लीट पितळी असतात. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून सायकल खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांची ती लवकर झिजतात. स्प्रिंगचा ताणही त्यात कमी-जास्त करता येत नाही. तेव्हा आधी चौकशी करा की तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात त्याची क्लीट आणि दुरुस्तीचं सामान मिळतं का. मूळच्या फ्रेंच टाइम पेडलबाबतही हेच विचारा. चिखलात तीही उत्तम चालतात, पण क्लीटसाठी परदेशातून येणाऱ्या पार्सलची वाट बघावी लागणार असेल तर तो सौदा फायद्याचा नाही.

एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने एसपीडी असं शिमानोचं ईएच-५०० आहे. रोज त्याच सायकलवर चपला घालून भाजी आणायला जाणाऱ्यांसाठी ते सोयीचं आहे. टेकडीवर मात्र नेमकी नको ती बाजू वर येते. भोवती पत्र्यासारखी चौकट असलेली ट्रेल पेडलं मऊ तळव्याच्या बुटांना आधार देतात, पण ताठ तळव्याच्या बुटांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

अगदीच स्वस्त, नाव न ऐकलेल्या पेडलांपासून दूर राहा. ती एसपीडीसारखी दिसतात, पण स्प्रिंग एका पेडलची सैल आणि दुसऱ्याची घट्ट निघाली की ऐन वेळी पाय सुटत नाही आणि माणूस आडवा होतो. त्यापेक्षा वापरलेलं एम-५२० बरं. घेताना आस दोन बोटांनी फिरवून बघा. खरखर लागते का, आडवं हलवल्यावर डगडगतं का, आटे शाबूत आहेत का, एवढं तपासलं की पुरे. क्लीट मात्र नवीनच घ्या.

बुटांवर पैसे का घालायचे, तर दिवसभर पाय त्यातच असतो. चवडे दुखणं, बोटं बधिर होणं, टाच घासणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बुटात असतं, आणि महागडं पेडल त्यावर काही करू शकत नाही. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून बघा. पुढे बोटं हलायला हवीत आणि टाच उचलली जायला नको. आपल्याकडच्या वाटांवर थोडंफार चालणं होतंच, त्यामुळे कार्बनच्या कडक तळव्यापेक्षा पकड असलेला रबरी तळवा निवडा.

नव्या माणसाने क्लीट एसएच-५६ मागून घ्यावं. पेडलच्या खोक्यात बहुधा एसएच-५१ येतं आणि ते टाच बाहेर वळवल्यावरच सुटतं. एसएच-५६ घाबरून पाय वेडावाकडा ओढला तरी सुटतं. त्यासाठी होणारा जादा खर्च मोडलेल्या मनगटाच्या खर्चापुढे काहीच नाही. सोबत स्प्रिंगही पूर्ण सैल करा. दोन पेडलांना मिळून चार स्क्रू असतात, चारही सारखेच सोडवा. मग भिंतीला धरून उभ्या सायकलवर पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव करा, नंतर तोच हिरवळीवर करा, आणि पाय आपोआप वागू लागले की मगच रहदारीत जा. थांबण्याच्या बऱ्याच आधी पाय सोडवायची सवय लावा.

क्लीट अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या रेषेत किंवा जरा मागे बसवा. बोल्टना ग्रीस लावा आणि ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने, ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळा. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर सहन करत राहू नका. क्लीटचा कोन किंचित बदलून बघा, आणि तरी थांबलं नाही तर जाणकाराकडून बसवून घ्या.

पेडल बसवताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे विसरू नका. आट्यांना ग्रीस लावून सुरुवातीचे फेरे हातानेच द्या, पाना नंतर. आटे चुकीचे चढले तर ॲल्युमिनियमचा क्रँक खराब होतो, आणि नवा क्रँक या पेडलपेक्षा महाग पडू शकतो.

पावसाळी फेरीनंतर पेडल साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका, त्याने पाणी छऱ्यांपर्यंत जातं. पुसून झाल्यावर स्प्रिंगला थोडं तेल द्या. दिवाळीच्या आसपास एकदा मिस्त्रीकडून उघडून ग्रीस बदलून घ्या. क्लीट मात्र झिजेल तसं बदलत जा. पाय आपसूक सुटू लागला किंवा सोडवताना अडखळू लागला की त्याची वेळ झाली, पेडलची नव्हे.