गोंगाट कुणाला म्हणायचं?

शुक्रवारी रात्री आमचं रिलीज एकदाचं प्रोडक्शनला गेलं. घरी पोचेपर्यंत दोन वाजले आणि झोप पार उडालेली. अशा वेळी माणूस यूट्यूबवर वाट्टेल ते बघतो. मी मेटॅलिकाचं 'वन' लावलं, इयरफोन घालून. (खालच्या मजल्यावरच्या काकूंशी माझे संबंध अजून चांगले आहेत.)

हे गाणं पहिल्यांदा पाहिलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. "काय ड्रम्स बडवलेत राव!" एवढंच तेव्हाचं आमचं परीक्षण. परवा मात्र बघून झाल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वन' हे १९८८च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममधलं गाणं. सिंगल म्हणून ते १९८९ साली आलं आणि त्याच वर्षी व्हिडिओही. त्याआधी या लोकांनी तीन अल्बम काढले होते, पण व्हिडिओ एकही नाही. व्हिडिओ करणं म्हणजे केस फुगवून कॅमेऱ्यासमोर नाचणं, असा तो काळ. त्यामुळे पहिला व्हिडिओ आल्यावर "हेही शेवटी विकले गेले" असं म्हणणारे जुने चाहते निघालेच.

माझं मत बरोब्बर उलटं आहे. हा व्हिडिओ गाण्याची जाहिरात नाहीच, तो गाण्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

गाण्यातला माणूस सैनिक आहे. युद्धात त्याचे हात, पाय, डोळे, कान, वाचा, सगळं गेलंय. उरलंय ते मन, आणि ते पूर्ण जागं आहे. ही कल्पना डाल्टन ट्रंबोच्या 'जॉनी गॉट हिज गन' या १९३९च्या कादंबरीची. ट्रंबो म्हणजे हॉलिवूडचा तो लेखक, जो १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट असण्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला तयार झाला नाही, १९५०मध्ये तुरुंगात गेला आणि नंतर कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या नावाने पटकथा लिहीत राहिला. या कादंबरीवर त्याने १९७१ साली स्वतः सिनेमा काढला. त्याने दिग्दर्शित केलेला हा एकमेव सिनेमा. मेटॅलिकाने त्याचे हक्कच विकत घेतले आणि त्यातली दृश्यं आपल्या व्हिडिओत वापरली. बाकी व्हिडिओत आहे काय? एका रिकाम्या गोदामात चौघंजण वाजवताहेत. ब्लॅक अँड व्हाईट. प्रेक्षक नाहीत, झगमगाट नाही.

आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट म्हणजे सिनेमातले संवाद थेट गाण्यावर टाकलेत. गिटार चालू असताना वरून माणसं बोलतात. अनेकांना याचा राग येतो, सिनेमा वगळून केलेली आवृत्तीच त्यांना आवडते. पण विचार करा, जे विकायला बसलेत ते आपल्याच वाजवण्यावर दुसऱ्याचा आवाज चढू देतील? इथे बँडने मान खाली घालून सिनेमाला जागा करून दिलीय.

आता मला नेमकं काय लागलं ते सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या त्या सैनिकाला, जोला, मोर्स कोड येतो. हात नाहीत म्हणून तो उशीवर डोकं आपटून संदेश पाठवू लागतो. डॉक्टरांना वाटतं, झटके येताहेत. ते इंजेक्शन देऊन त्याला शांत करतात. पुन्हा शुद्ध आली की पुन्हा डोकं, पुन्हा इंजेक्शन. पुढे कधीतरी मोर्स जाणणारा एक लष्करातला माणूस तिथे उभा असतो, तेव्हा कळतं की हे झटके नाहीत, ही अक्षरं आहेत.

आम्हाला कॉलेजात सिग्नल टू नॉईज रेशो शिकवला होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. पण नॉईज ही गोष्ट दर वेळी वाटेतच असते असं नाही, कधी कधी ती ऐकणाऱ्याच्या टोकाला असते, हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. जो बरोबर पाठवत होता. घेणाऱ्याकडे डीकोडर नव्हता, एवढंच.

गाणंही तसंच बांधलंय. सुरुवात हळुवार, जवळजवळ अंगाईसारखी. मग मध्यावर ड्रम्स मशीनगनसारखे सुटतात आणि घरातलं कुणीतरी आतून ओरडतं, "बंद कर तो गोंगाट!" पण तो गोंगाट म्हणजे त्या माणसाच्या डोक्याच्या आतला आवाज आहे. तो गोड करून वाजवला असता तर खोटा झाला असता.

हे सगळं मला इतकं का लागलं, तर आजोबांमुळे. पाच वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. डाव्या हाताने ते पलंगाच्या दांडीवर टकटक करत राहायचे. आम्ही सगळे म्हणायचो, चाळा लागलाय. आत्याने तर दांडीला टॉवेल गुंडाळला, हाताला लागू नये म्हणून. आणि आवाज होऊ नये म्हणूनही, खरं सांगायचं तर. मी शेजारच्या खोलीत वर्क फ्रॉम होम करत होतो, कॉल चालू असायचे. मी हेडफोन घालायचो.

तीन आठवड्यांनी त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो, पंखा लावला की वाजवतात ते. बंद केला की थांबतात. थंडी वाजत असेल त्यांना."

पंखा बंद केला. टकटक थांबली.

हॉस्टेलवर 'वन' निदान शंभर वेळा ऐकलं असेल मी. जोची गोष्ट मला पाठ होती. आणि तरीही तीन आठवडे तो आवाज मला फक्त त्रास वाटला. आजोबा पुढच्या वर्षी गेले. पंख्याखेरीज त्यांना आणखी काय सांगायचं होतं, कोण जाणे.

म्हणून कुणी हेवी मेटलला गोंगाट म्हटलं की मी हल्ली वाद घालत नाही. कुणाला आवडेल, कुणाला नाही आवडणार, त्यात काय एवढं. फक्त हे एक गाणं एकदा व्हिडिओसकट, पूर्ण, सिनेमातल्या संवादांसह बघा. पावणेआठ मिनिटांचा प्रश्न आहे. आमची स्टँडअप मीटिंगसुद्धा याहून लांब चालते.

असो. चार वाजले, झोपतो आता.