पळसाचा रंग आणि आखडलेला हात

फाल्गुन सरता सरता यवतमाळहून पांढरकवड्याच्या वाटेने जाताना दुतर्फा पळस पाने झाडून नुसता केशरी होऊन उभा असतो. कापूस वेचून झालेला, शेतातल्या पऱ्हाट्या उपटलेल्या. करड्या माळावर डोळ्यांत भरावे असे तेवढेच एक झाड. आमच्या जिल्ह्याचा वसंत हा असा आहे. बाजारातील शुभेच्छापत्रांवरच्या गुलाबी फुलांशी त्याचे फारसे नाते नाही. या खेपेस घरातील ज्येष्ठांनी स्वहस्ते करावयाच्या पाडव्याच्या शुभेच्छापत्रांविषयी लिहीत आहे. आरोग्याच्या सदरात रंगकाम कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, म्हणून प्रथम त्याचे उत्तर देतो.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर दुबळा हात मांडीवर पडून राहतो आणि सारी कामे चांगला हात करू लागतो. काही आठवड्यांतच मेंदूला या व्यवस्थेची सवय लागते. मग हातात जी थोडीफार शक्ती परतलेली असते, तीही वापराविना वाया जाते. व्यायामतज्ज्ञ चेंडू दाबावयास सांगतात. सांगणे योग्यच आहे, परंतु चेंडू दाबून हाती काय लागते? चौथ्या दिवशी तो चेंडू नातवंडांकडे जातो. शुभेच्छापत्राचे तसे नाही. ते पुरे व्हावयाचे असते आणि कोणा एका माणसाकडे जावयाचे असते.

दारव्हा तालुक्यातील एक सत्तरीतल्या आजी माझ्या उपचाराखाली आहेत. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर शब्दही गेले. समजते सारे, बोलता येत नाही. पुण्याच्या नातवाचा फोन आला की त्या रडू लागत. म्हणून घरच्यांनी त्यांच्या कानाला फोन लावणेच बंद केले. हेतू चांगला होता, पण त्यामुळे आजी अधिकच एकट्या पडल्या. सुनेने गेल्या वर्षी त्यांच्यापुढे कागद ठेवला. लुळा उजवा हात कागदावर वजनासारखा ठेवावयाचा आणि डाव्या हाताने रंग लावावयाचा, एवढीच सूचना मी केली होती. पहिल्या कार्डाला तीन दिवस लागले. पुढे त्या उजव्या हातात कापसाचा बोळा धरून टिपू लागल्या. हात पूर्ववत झालेला नाही, शब्दही परतलेले नाहीत. परंतु नातवाने ते कार्ड पोहोचल्याचा फोन केला, तेव्हा आजींनी तो कानाशी धरून ऐकला.

आता कृतीकडे वळू. कागद जाड आणि पाणी पिणारा हवा. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद यास उत्तम. कापसाच्या या मुलखाला तो परका नाही. शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि तेथील मगनवाडीत हातकागदाचे काम चालले, तर पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था उभी आहे. तो न मिळाल्यास लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरावी. या दिवसांत त्यांचा घरोघरी ढीग असतो. गुळगुळीत चकाकती पत्रिका मात्र उपयोगाची नाही, तिच्यावर रंग ठरत नाही.

रंगासाठी पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मंद आचेवर उकळावीत आणि फडक्यातून गाळावीत. पिवळसर केशरी पाणी मिळते. त्यात खाण्याच्या चुन्याची कणी टाकली की रंग गडद होतो. हळदीत चुना मिसळला तर तांबडा रंग होतो, हे कुंकवाच्या निमित्ताने आपल्या आज्यांना ठाऊकच आहे. चुन्याचे काम परिचारकानेच करावे. तो डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते. दुकानातील जलरंगांची पेटी वापरण्यातही कमीपणा नाही.

मौज खरी पुढे आहे. कोरड्या कागदावर मेणबत्ती घासून फांद्या काढाव्यात. रंग फिरवला की मेणावर तो धरत नाही आणि पांढऱ्या फांद्या आपोआप उमटतात. ओल्या रंगावर जाड्या मिठाचे खडे टाकावेत. खडा भोवतालचे रंगीत पाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर चांदण्यांसारखे ठिपके राहतात. भेंडी आडवी कापून तिचा ठसा घेतला की पाच पाकळ्यांचे फूल तयार होते. शेवटी कापसाची चिमूट, साडीच्या काठाची कातरण किंवा वाळलेले कडुलिंबाचे पान खळीने चिकटवावे. यांपैकी कोणत्याही कृतीस सरळ रेषा लागत नाही, म्हणूनच मी त्या निवडल्या आहेत.

थरथरणाऱ्या हातांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कंपवातात हात स्वस्थ असताना अधिक कापतो आणि कामाला लागला की थरथर पुष्कळदा कमी होते. अशा रुग्णाचे अक्षर मात्र बारीक होत जाते, म्हणून त्यास मोठा कागद व रुंद ब्रश द्यावा. वार्धक्यात आढळणारी दुसरी एक थरथर नेमकी उलटी, काम करतानाच वाढणारी असते. त्या हाती जुना दातांचा ब्रश रंगात बुडवून द्यावा. केसांवरून बोट फिरवले की तुषार उडतात आणि कापणाऱ्या हाताचे तुषार स्थिर हाताहून अधिक मोकळे पडतात. सांधेदुखी असल्यास ब्रशच्या दांडीवर फडके गुंडाळून ती जाड करावी. दृष्टी मंद असल्यास पांढऱ्या कागदाखाली गडद चादर अंथरावी, म्हणजे कडा दिसतात.

वयाचा प्रश्न काढणाऱ्यांना मी इंग्लंडच्या मेरी डिलेनीबाईंचे उदाहरण देतो. अठराव्या शतकातील या विधवा बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलांची चित्रे करावयास आरंभ केला. पुढील दहा वर्षांत, दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत, त्यांनी सुमारे हजार चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अर्थात आपल्याला एकच करावयाचे आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसमोर एका वेळी एकच वस्तू आणि फार तर दोन रंग ठेवावेत. ब्रश धुण्याचे पाणी पेल्यात किंवा कपात कधीही ठेवू नये. ते चहा समजून प्यायले जाते. रुंद, बुटकी वाटी बरी. चमकी घरात आणूच नये, ती डोळ्यांत जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास कात्री परिचारकाच्या हाती असावी. आपल्याकडचे ऊन ध्यानात घेऊन हे काम सकाळी नऊच्या आत, वीस मिनिटांपुरते करावे. जवळ पिण्याचे पाणी असावे, तेही रंगाच्या वाटीपासून दूर.

परिचारकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. बोळा तिरपा पडला, रंग ओघळला, ‘पाडवा’ या शब्दातील काना राहून गेला, तरी हात पुढे करू नका. सुबक कार्ड हवे असेल तर ते दुकानात मिळते. आईने केलेले कार्ड मुलीने रात्री गुपचूप ‘नीट’ केले आणि सकाळी आईला ते ओळखूच आले नाही, असेही मी पाहिले आहे.

पाडव्याला दहा दिवस असताना आरंभ करावा, म्हणजे वाळण्यास आणि टपालास अवधी मिळतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा कार्ड सावलीत वाळवावे. पाकिटात घालण्यापूर्वी मिठाचे सर्व खडे कोरड्या फडक्याने झटकावेत. एखादा राहिला तर पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि नातवाच्या घरी त्या फुलाचा डाग होतो.