दवाखान्याच्या बिलाची पट्टी आजाऱ्याच्या हाती द्या



हे टिपण आम्ही कणकवलीहून लिहीत आहोत. इथे पऱ्हाटी नाही, जोंधळा नाही. भात, काजू आणि आंबा आहे. पण एका आजारपणात जमीन गहाण पडते, ही गोष्ट कोकणात आणि कोरडवाहू मुलखात सारखीच. इथला गंभीर आजारी वर्षानुवर्षे गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेला जातो. जानेवारी 2018 पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गातली माणसे आंदोलनाला बसली. बिल कोण भरतो, कोण तपासतो आणि कोणाच्या नावावर फाडतो, हा डॉक्टरांपुरता प्रश्न नाही हे तेव्हा सगळ्यांना उमगले.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. अमरावती आणि नांदेड त्यांत होते. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर गेली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही एकत्र चालू लागल्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून योजनेत जागा मिळाली. कणकवलीच्या पांढऱ्या कार्डवाल्याला ती नव्हती. 2023 मध्ये सरकारने सर्वच कुटुंबांना घेण्याचे ठरवले आणि 2024 पासून ते लागू झाले. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार. म्हणजे या बाबतीत आता तुमचा आणि आमचा सातबारा एकच झाला.

या 5 लाखांवर ज्यांचा डोळा आहे त्यांची रीत साधी आहे. माणूस दाखल झालाच नाही, पण कागदावर चार दिवस खाटेवर होता. ताप साधा होता, बिल अतिदक्षता विभागाचे लागले. उपचार योजनेतून फुकट व्हायचे, तरी नातेवाइकांकडून रोख घेतली आणि सरकारकडूनही वसूल केली. सर्वांत वाईट म्हणजे गरज नसताना पोट फाडले.

पुष्कळांना वाटते, पैसा सरकारचा गेला, आपले काय गेले? गेले ते आपलेच. खोटे बिल तुमच्या कार्डावर चढते. वर्षाच्या 5 लाखांतून ते वजा होते. पुढे घरधनिणीच्या हृदयाला खरोखर झडप बसवायची वेळ आली की कळते, कार्डावर शिल्लक नाही. मग सावकार आहेच.

हे बोलणे हवेतले नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये आयुष्मान भारत योजनेवरचा अहवाल संसदेपुढे ठेवला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले निघाले आणि तो क्रमांक होता दहा वेळा नऊ. दप्तरी मृत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या नावे पुढेही 6 कोटी 97 लाख रुपये दिले गेले होते. 2025 मध्ये सरकारने संसदेत सांगितले की खाजगी इस्पितळांचे 2 लाख 70 हजार दावे, किंमत सुमारे 562 कोटी रुपये, गैरवापर व खोट्या नोंदींमुळे नाकारले आणि 1,114 इस्पितळे योजनेतून काढली.

आता दुसरी बाजू. ती सांगितली की काही कार्यकर्ते विचारतील, संघटनेने डॉक्टरांची वकिली कधीपासून घेतली? वकिली नाही. पण कापूस एकाधिकार खरेदीत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे नाटक पाठ आहे. भाव सरकारने ठरवायचा, ग्रेडर सरकारचा, चुकारे महिनोन् महिने रखडवायचे, आणि शेतकऱ्याने परराज्यात कापूस नेला की त्यालाच चोर म्हणायचे. आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा दर सरकार ठरवते. आयुष्मान भारतच्या नियमाप्रमाणे दाव्याचा पैसा राज्यातल्या राज्यात 15 दिवसांत मिळाला पाहिजे. अनेक राज्यांत तो वेळेवर मिळत नाही हे महालेखापरीक्षकांनीच नोंदवले. अशाने तालुक्याचा सरळ डॉक्टर योजनेतून बाहेर पडतो. टिकतो तो, ज्याला तोटा खोट्या बिलात भरून काढता येतो.

चौकशी आली की पहिला दणका कोणाला? मोठ्या इस्पितळाकडे वकील आहेत, हिशेबनीस आहेत. दहा खाटांच्या दवाखान्यात डॉक्टर एकटा. एका नोंदीत तारीख चुकली म्हणून त्याचा दवाखाना योजनेतून काढला, तर त्याचे नुकसान होईल. पण तिथले बाळंतपण आणि अपेंडिक्स तीस कोस लांब जाईल, ते नुकसान आपले.

म्हणून कायदा काय म्हणतो ते शेतकऱ्यालाही माहीत पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये, एरूसियन इक्विपमेंट खटल्यात, सांगितले की बाजू ऐकल्याशिवाय सरकारने कोणाला काळ्या यादीत टाकू नये. 2014 मध्ये गोरखा सिक्युरिटी खटल्यात पुढे म्हटले, की अशी शिक्षा योजली असेल तर ते नोटिशीतच कळले पाहिजे. चूक वेगळी, लबाडी वेगळी. फसवणुकीच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात कलम 420 होते, 1 जुलै 2024 पासून न्यायसंहितेत 318 आहे. पण त्यासाठी फसवण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो.

आरोप आलेल्या सरळ डॉक्टरने लपू नये. नोटीस लेखी मागावी, कोणत्या रुग्णाच्या कोणत्या बिलावर आक्षेप आहे ते विचारावे, केसपेपर, संमतिपत्र, तपासण्या, औषधांच्या पावत्या समोर ठेवाव्यात आणि मुदतीत उत्तर द्यावे. मागच्या तारखा घालून कागद मात्र करू नयेत. खरा माणूस तिथेच गुन्हेगार होतो.

न्यायालयात दाद लागते. करोनात, मे 2020 मध्ये, सरकारने खाजगी इस्पितळांना दर बांधून दिले: साध्या वॉर्डाला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि जादा घेतलेले पैसे ठिकठिकाणी परत करायला लावले. ते योग्यच झाले. पण करोना नसलेल्या रुग्णांचेही दर बांधायला सरकार गेले, तेव्हा ऑक्टोबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो अधिकार सरकारला नाही असा निकाल दिला. साथीत माणूस नाडला जाऊ नये हेही खरे, आणि सरकारच्या हातातल्या दंड्याला मर्यादा हवी हेही खरे.

सगळ्या चौकशीत एका माणसाला कोणी विचारत नाही: आजाऱ्याला. संगणक संशय काढतो, अधिकारी फाईल बघतो, डॉक्टर उत्तर देतो. ज्याच्या पोटावर टाके आहेत, त्याच्या हातात काय असते? घरी जाताना मिळालेले कार्ड, बहुधा इंग्रजीत. बाजार समितीत काटामारी कमी झाली ती कोणा इन्स्पेक्टरच्या कृपेने नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई लिहिलेली हिशोबपट्टी शेतकऱ्याने हट्टाने मागितली, आणि पट्टी घेतल्याशिवाय बैलगाडी हलवली नाही, म्हणून.

तोच हट्ट इथे धरायचा आहे. जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या या:

एक, घरी जाताना प्रत्येक आजाऱ्याला मराठीत पट्टी मिळावी: कोणता आजार, कोणते उपचार, किती दिवस, कार्डातून किती रुपये गेले, किती उरले. त्यावर सही किंवा अंगठा झाल्याखेरीज दावा पुढे जाऊ नये.

दोन, दावा मंजूर झाला की मुदतीत चुकारा. उशीर झाला तर व्याजासह.

तीन, इस्पितळ काढण्यापूर्वी लेखी कारण आणि सुनावणी. गुन्हा ठरला तर नाव, रक्कम आणि शिक्षा तहसील कचेरीच्या फलकावर.

चार, खोट्या दाव्याची रक्कम त्या कुटुंबाच्या कार्डावर परत जमा.

यांत एकही नवा परवाना नाही, एकही नवा इन्स्पेक्टर नाही. सरकारने हे मान्य करेपर्यंत आपल्याला करता येण्यासारखे एक काम आहे. गावातला कोणीही योजनेतून उपचार घेऊन आला, की आरोग्यमित्राकडून कार्डाचा खर्च लिहून घ्यायचा आणि गावात चार जणांसमोर वाचायचा. पट्टी वाचणाऱ्या गावात काटा मारणे अवघड असते.