पुडी लहान, खटला मोठा

मुलगा इंजिनीअरिंगसाठी बंगळुरूला, मुलगी डिझाइन शिकायला अहमदाबादला. निघताना आपण त्यांच्या बॅगेत लाडू-चिवडा भरतो, औषधं भरतो आणि ‘जपून राहा’ म्हणतो. पण नेमकं कशापासून जपायचं, हे बहुतेक घरांत बोललंच जात नाही. ड्रग्जचा विषय निघालाच, तर ‘आमची मुलं तसली नाहीत’ म्हणून आपण तो झटकून टाकतो. कायदा मात्र मूल कसं आहे हे विचारत नाही. खिशात, बॅगेत किंवा खोलीत काय सापडलं आणि किती सापडलं, हे आधी विचारतो.

वजनावर ठरते शिक्षा

अमली पदार्थांचे गुन्हे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. हा कायदा देशभर एकच आहे. त्यात शिक्षा ठरते ती मुख्यतः वजनावर. ‘अल्प प्रमाण’ असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘व्यावसायिक प्रमाण’ असेल तर किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं आणि किमान एक लाख रुपये दंड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड.

गांजाची अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो आहे, म्हणून अनेक मुलांना वाटतं की थोड्याशाने काय होतंय! पण चरसची मर्यादा १०० ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोनची फक्त २ ग्रॅम आणि पार्ट्यांमध्ये फिरणाऱ्या एमडीएमएची अवघी अर्धा ग्रॅम. एमडीचं वजन ५० ग्रॅमच्या किंवा एमडीएमएचं १० ग्रॅमच्या वर गेलं की प्रकरण थेट व्यावसायिक प्रमाणात जातं आणि जामीन मिळणं अतिशय कठीण होतं. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे की भेसळ असलेल्या मालाचं एकूण वजन धरायचं, शुद्ध अमली पदार्थाचं नव्हे. म्हणजे एक-दोन गोळ्यांतही अर्ध्या ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

‘मी घेत नाही’ एवढं पुरेसं नाही

स्वतः सेवन करणं हा वेगळा गुन्हा आहे. पण न घेणारा मुलगाही अडकू शकतो. मित्राचं पाकीट ‘दोन दिवस ठेव’ म्हणून कपाटात ठेवलं, तर तो ताबा. ताबा सिद्ध झाला की आपल्याला काही माहीत नव्हतं, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. चौघांनी पैसे काढले आणि एकाने माल आणला, तर कटाचा आरोप लागू शकतो आणि कटाला शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच असते. भाड्याची खोली जाणूनबुजून अशा कामाला वापरू देणं हाही गुन्हा आहे.

मोबाइलमधले मेसेजही तपासात येतात. २०२१ च्या मुंबईतल्या क्रूझ प्रकरणात चॅटवरून बरीच चर्चा झाली. पुढच्या वर्षी तपास यंत्रणेनेच सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचं सांगून त्यांची नावं आरोपपत्रातून वगळली. पण तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती.

निकालाआधीची शिक्षा

आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरंच. पण निकाल लागेपर्यंतची वर्षं कोण परत देणार? अटकेत परीक्षा हुकते. हॉस्टेल सोडावं लागू शकतं. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो, मग परदेशी जाण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तर दोषी ठरलात का एवढंच नाही, कधी अटक झाली होती का, हेही विचारतात.

सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते. तिथे खटला लपवू नका. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, पण लपवलेलं उघड झालं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

वेळ आलीच तर

पोलिसांचा फोन आला की घरात आधी आरडाओरडा होतो, मग ओळखीचे ‘साहेब’ शोधले जातात. त्याऐवजी वकील गाठा. अटकेचं कारण कळणं, नातेवाइकांना कळवलं जाणं आणि २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं जाणं हा हक्क आहे. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर ती व्हावी, अशी मागणी करता येते. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. न वाचता कशावरही सही करू नका, हे मुलांना आजच सांगून ठेवा.

कायद्यातलं एक दार मात्र फार कमी पालकांना माहीत असतं. व्यसनात अडकलेल्या व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि ती सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घ्यायला तयार असेल, तर कलम ६४ अ नुसार तिला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. म्हणजे व्यसनी मुलाला कायदाही आधी रुग्ण म्हणून पाहू शकतो. मग आपण का पाहू नये?

यासाठी अटकेची वाट पाहायची गरज नाही. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था हेच काम करते आहे.

म्हणून आज रात्री मुलांना फोन कराल तेव्हा ‘जेवलास का?’ एवढं विचारून थांबू नका. ‘कुणी काही ठेवायला दिलं तर नाही म्हण. आणि चूक झालीच, तर सगळ्यात आधी मला सांग, मी ओरडणार नाही,’ एवढं नक्की म्हणा. आणि खरंच तसा फोन आला, तर दिलेला शब्द पाळा.